कॉडच्या जिभा

फेब्रुवारी लागला की आमच्या बेटावर नऊला उजाडतं.
शाळा सव्वाआठला भरते.
पहिला तास माझा, गणिताचा.
चौदा डोकी, त्यातली पाच बाकावर आडवी.

ईदुनचं त्यात असतंच.
हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले,
केसांना माशाचा वास.
शेकडेवारी विचारली तर म्हणते, "मला काय उपयोग?"
आणि मागचे तिघे हसले की
आणखी एक काहीतरी म्हणते
जे एकटी असताना ती कधीच म्हणाली नसती.

जिभेला हाड नाही पोरीच्या,
मी शिक्षकखोलीत म्हणाले कॉफी ढवळत,
डोक्यात काही शिरतच नाही या वयात.
तीस वर्षं हेच वाक्य. कपसुद्धा तोच.

परवा संध्याकाळी धक्क्यावर गेले, कॉडची कलेजी आणायला.
होड्या लागल्या होत्या.
शेडमध्ये पिवळ्या दिव्याखाली ती उभी,
रबरी एप्रन घोट्यापर्यंत,
समोर मुंडक्यांची रास.
मुंडकं उचलायचं, खिळ्यावर रोवायचं,
सुरी आत, एक वळसा,
जीभ टोपलीत.
तोवर दुसरं हातात आलेलं.
मी घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला वीस.

शेजारी फिल्मोन. असमाराहून आला त्याला दोन वर्षं झाली,
माझ्या वर्गात त्याचा आवाज कोणी ऐकलेला नाही.
ती त्याला शिकवत होती, म्हणजे
शिकवत अशी नव्हतीच.
त्याने पहिली जीभ अर्धीच कापली. "पुन्हा."
दुसरी फाटली. "पुन्हा."
सातवीनंतर तिने नुसतं त्याचं कोपर
दोन बोटांनी खाली दाबलं.
आठवी अख्खी निघाली,
आणि तो हसला, चक्क मोठ्याने.

सात वेळा. माझं लाल पेन
दुसऱ्या चुकीलाच टोपण काढून बसतं.

"किती मिळतात गं?" मी विचारलं.
किलोचा भाव, त्यातून बर्फ, पिशव्या,
साडेदहा टक्के धाकट्या भावाचे, कारण सुरी त्याची.
"आधी दहा होते. भांडून वाढवले त्याने."
हे सगळं तोंडी, हात न थांबवता.
शेकडेवारी हा शब्द मी उच्चारला नाही.
गिळला.

मग दहावीची मुलं आली, मोबाइल उगारत.
आणि ईदुनने धक्क्यावरून होडीत उडी टाकली.
मधे काळं, बर्फाळ पाणी,
चांगलं पुरुषभर रुंद.
मघाशी, कोणी नव्हतं तेव्हा,
याच होडीत ती शिडीने उतरली होती,
कठडा घट्ट धरून, एकेक पायरी.
अंतर तिला ठाऊक होतं.
पण बघणारी चार डोकी त्या हिशेबात कुठे मांडायची,
हे मी कुठल्या फळ्यावर दाखवलंय?

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.
एक्क्याऐंशी साली मीही मारली होती,
इथूनच, लाल टोपीतल्या एका मुलासाठी,
ज्याचं नाव आता आठवत नाही.
आईला सांगायचं राहून गेलं. आई गेली.

आज दुकानात दुधाच्या रांगेत
पाठीमागून कोणीतरी बाही ओढली.
"शून्याने भागायचं नाही, असं का?"
"म्हणजे?"
"जिभा शंभर. वाटून घ्यायला कोणीच नाही.
मग प्रत्येकाला किती?"
"तसं चालत नाही. नियम आहे."
"कोणी केला?"

हसायला आसपास कोणी नव्हतं.
तिला खरंच उत्तर हवं होतं,
आणि माझ्याकडे होता तो फक्त नियम,
तीस वर्षं ढवळलेला.

रात्रीचा दीड वाजलाय.
स्वयंपाकघराच्या टेबलावर पाच कागद चुरगळून झाले.
शंभर भागिले एक. शंभर भागिले अर्धा.
शंभर भागिले अर्ध्याचाही अर्धा.
आकडे फुगत चाललेत, थांबायचं नाव नाही.
सकाळी पहिला तास आहे
आणि मला मुळीच झोप येत नाही.